डावा भोवरा

१

माझ्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाला बायकोनं मला दाढीचा ब्रश दिला. तोवर मी नायलॉनचा ब्रश वापरत होतो. एक झिजला की तसाच दुसरा. हा वेगळा होता. लाकडी मूठ आणि वर रानडुकराचे खरे केस, राठ, पिवळट, टोकाकडे फिके होत गेलेले.

"हा कशाला? आहे की माझा," मी म्हणालो.

"तुम्हाला जपायला, मोजायला काहीतरी लागतं ना? घ्या, हा जपा. निदान घरातली एक वस्तू तरी तुमच्या हाताला मुरेल."

हा टोमणा होता की लाड, ते मला त्या वेळी ठरवता आलं नाही. रोजनिशीत मी तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं आहे.

ब्रशबरोबर हातानं लिहिलेलं एक कार्ड होतं. नवा ब्रश मुरवावा लागतो. कोमट पाण्यात भिजवायचा, उकळतं पाणी कधीही दाखवायचं नाही, केस मरतात. आठवडाभर ओल्या जनावराचा वास येईल, मग जाईल. काही केस गळतील, गळू द्यावेत. वापरून झाला की झटकून, डोकं खाली करून टांगायचा. ओला ब्रश डब्यात कोंडायचा नाही. पंचवीस-तीस वेळा फेस झाला की एकेका केसाचं टोक फुटतं आणि राठपणा जाऊन ब्रश मऊ पडतो. शेवटची ओळ अधोरेखित होती: 'मुरेपर्यंत एकच हात, एकच गाल.'

मी वजनमापं तपासणारा माणूस आहे. दुकानांतले, गिरण्यांतले, गोदामांतले तराजू बरोबर आहेत की नाहीत ते पाहायचं आणि बरोबर असले तर त्यांना तार ओवून शिशाचं सील लावायचं, हे माझं काम. कार्यालयात मला दशांशसाहेब म्हणतात. चिडवण्यासाठी म्हणतात, पण मला नाव आवडतं. घरीही माझा एक छोटा तराजू आहे, कार्यालयानं बाद केलेला. मी तो दुरुस्त केला आणि आता तो ग्रॅमचा दहावा भाग दाखवतो. तेव्हा कार्डावरच्या सूचना मी कशा पाळल्या असतील, ते सांगायला नको.

आणखी दोन गोष्टी इथेच लिहून ठेवतो, पुढे लागतील.

लग्नानंतरची काही वर्षं, माझी दाढी झाली की बायको माझ्या गालावर उलटा हात ठेवून निकाल द्यायची. "पास." किंवा "नापास, जा परत." हे कधी बंद झालं त्याची माझ्याकडे नोंद नाही. आमच्या घरात नोंद नसलेली ती एकच तारीख असेल.

दुसरं म्हणजे, मी जन्मानं डावखुरा. सातव्या वर्षी वडिलांनी एका उन्हाळी सुट्टीत माझा डावा हात रोज पाठीशी बांधून ती सवय मोडून काढली. हे जगात फक्त माझ्या बायकोला माहीत आहे. पहिल्या वर्षात, घरात दोघंच असलो की ती मला 'डावऱ्या' म्हणायची. "अरे डावऱ्या, कुठे पळालास?" म्हणत माझा डावा हात धरायची. मला ते लहान मुलासारखं वाटायचं. मी एकदा तसं बोललो. मग ती सगळ्यांसारखी 'अहो' म्हणायला लागली.

२

पहिले पाच दिवस कार्डाबरहुकूम गेले. सकाळी सहा वीसला ब्रश कोमट पाण्यात, सहा तीसला फेस. साबणाची वडी वाडग्यात बसवलेली. एका दाढीला ती शून्य पूर्णांक आठ ग्रॅम झिजते. वास खरोखरच ओल्या जनावराचा.

"गोठ्यात झोपून आलात का?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"आठवड्यात जाईल, असं लिहिलंय."

"वास जाईल की तुम्ही?"

गळलेले सहा केस मी रोजनिशीत चिकटपट्टीनं लावून ठेवले. ब्रश मी उजव्या हातानं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवतो. पाचव्या दिवशी केसांच्या मध्यावर बारीकसा भोवरा पडायला लागलेला दिसला, उजवीकडे वळलेला. खरं सांगतो, मला भारी आनंद झाला. एखादी वस्तू आपल्याला ओळखायला लागली की होतो तसा.

सहाव्या दिवशी मला चार दिवसांच्या दौऱ्यावर जावं लागलं. ओला ब्रश डब्यात कोंडायचा नाही, म्हणून मी तो मोरीच्या आरशाशेजारी खिळ्याला टांगून ठेवला आणि जुना नायलॉनचा बरोबर नेला. पिशवी भरताना बायको दाराशी उभी होती.

"नव्याला नाही नेत?"

"त्याला हवा लागते."

"मग राहू दे त्याला घरी," ती म्हणाली. आवाजात काहीतरी हलकं होतं. मी ते लिहून ठेवलं नाही, पण विसरलोही नाही.

३

परत आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हातपाय धुवायला मोरीत गेलो आणि ब्रशला हात लावला. ओला होता.

नुसता ओला नव्हता, मऊ होता. मी सोडून गेलो तेव्हा गालाला काटे टोचल्यासारखं व्हायचं. आता बोट फिरवलं तर टोकं फुटलेली. पाच वेळा फेस केलेला ब्रश दहा-बारा वेळचा वाटत होता. वास पार गेला होता. साबणाची वडी मी तराजूवर ठेवली. निघताना नोंदवलेल्या वजनापेक्षा तीन पूर्णांक दोन ग्रॅम कमी. आठा चोक बत्तीस. चार दिवस, चार दाढ्या.

"हा ब्रश कुणी वापरला?"

"मी धुतला," बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "घरभर वास येत होता."

"चारही दिवस?"

"वास चारही दिवस येत होता."

"आणि साबण?"

"साबणाशिवाय वास जातो का? तुम्ही पण ना." ती हसली. मग घड्या घालता घालता काहीतरी गुणगुणायला लागली.

उत्तर बरोबर होतं. तपासनीसाला बरोबर उत्तर मिळालं की त्यानं सील लावून पुढे जायचं असतं. मी ब्रश उजेडात धरला. मधला भोवरा आता ठळक झाला होता. पण तो डावीकडे वळलेला होता.

ब्रश धुताना गोल गोल कोण फिरवतं? दाबतात, पिळतात, झटकतात. आणि माझी बायको उजव्या हातानंच सगळं करते.

मला मत्सर म्हणजे काय ते पुस्तकात वाचून माहीत होतं. तो छातीत होत असेल असं वाटायचं. मला तो हनुवटीखाली झाला, जिथं दाढी करताना कातडी ताणून धरावी लागते तिथं.

४

दुसऱ्या दिवशी कार्यालयात माझं लक्ष नव्हतं. आमच्याकडे एक कारकून आहे, त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "दशांशसाहेब, आज एकाच काट्यावर तीनदा वजन केलंत. काटा खोटा की तुम्ही?"

सगळे हसले. साडेबारा वाजता मी पोटात दुखतंय असं सांगून घरी निघालो. या कार्यालयातल्या अकरा वर्षांत मी असं पहिल्यांदा केलं.

दार बायकोनंच उघडलं. मला पाहून दचकली नाही. नुसती थांबली, घरातला दिवा गेल्यावर माणूस थांबतं तशी.

"अहो, आज लवकर?"

टेबलावर दोन कप होते. दोन्हींत तळाशी चहा. मी मोरीत गेलो. ब्रश टांगलेला होता आणि त्याच्या टोकावरून एक थेंब पडायच्या बेतात होता. मी उभा राहून तो पडेपर्यंत वाट पाहिली. मग बेडरूम पाहिली, कपाटामागे पाहिलं, गॅलरी पाहिली. घर दोन खोल्यांचं. लपायला जागा नाही आणि बाहेर पडायला एकच दार, त्यातून मीच आत आलेलो.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"दोन कप?"

"मी दोनदा चहा घेतला. दुसऱ्यांदा कप धुवायचा कंटाळा आला. लिहा तुमच्या वहीत."

मी तिचा हात धरला. धरायचा हेतू काय होता, आता आठवत नाही. पण हात नाकाजवळ आला आणि मला वास आला. तळहाताला नाही, हाताच्या उलट्या बाजूला. दाढीच्या साबणाचा, ताजा.

"सोडा," ती म्हणाली. मी सोडला. बराच वेळ ती मनगट चोळत राहिली, मी तर जोरात धरलंही नव्हतं.

"ब्रश तुमचा आहे," ती शेवटी म्हणाली. "तुमच्याच गालासाठी आणलाय. दुसरं कोण वापरणार?"

५

मी दाढी करणं बंद केलं. साधं तर्कशास्त्र होतं: मी वापरत नसताना ब्रश ओला झाला, तर तो माझ्यामुळे नाही हे सिद्ध. तीन दिवसांत माझे गाल पांढरे दिसायला लागले. ब्रश रोज ओला होता. साबण रोज शून्य पूर्णांक आठ.

मी दुसरंही मोजत होतो. बायको दिवसात तीन-चार वेळा हसायची. भिंतीकडे बघून, कुकरची शिटी ऐकून, साडीची पिन लावताना. त्यातलं एकही हसू माझ्याकडे बघून नव्हतं. तिनं जुनी निळी बांगडी शोधून घातली; मला वाटत होतं ती केव्हाच फुटली. एवढ्या वर्षांत आमच्या घरात जे काही कमी कमी होत गेलं होतं, ते कुणीतरी परत भरत होतं. त्या माणसाबद्दल मला काय वाटत होतं? राग वाटायला हवा होता. मला त्याच्या गालाचा हेवा वाटायचा.

शुक्रवारी मी ब्रश कापडानं पुसून, रात्रभर वाळलेला, कार्यालयात नेला. वजन केलं: एकसष्ट पूर्णांक चार. आमच्याकडे प्रमाणित वजनांचं एक लोखंडी कपाट आहे. त्यातल्या पितळी वजनांना उघड्या बोटानं शिवायचं नाही, चिमट्यानं उचलायचं, कारण बोटाच्या ठशालाही वजन असतं. त्या कपाटात वरच्या फळीवर मी ब्रश ठेवला, कुलूप लावलं, कुलपातून तार ओवली आणि शिशाची गोळी पकडीनं दाबून सील केलं. माझ्या पकडीनं शिशावर उमटणारा आकडा दुसऱ्या कुणाच्या पकडीला नाही.

"साहेब, शनिवार-रविवार वजनं पळून जातात की काय?" भोंगा म्हणाला.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. रविवारी जेवणानंतर चाळीस मिनिटं डोळा लागला, तेवढंच. उठलो तेव्हा घरात साबणाचा वास होता आणि बायको खिडकीत बसून केस विंचरत होती.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. सील जसंच्या तसं. भिंग लावून पाहिलं; आकडा माझा, तार अखंड. कुलूप उघडलं.

कपाटाच्या आतून उबदार, दमट हवा आली, नुकत्याच वापरलेल्या मोरीसारखी. पितळी वजनांवर वाफ धरली होती. ब्रश चिंब होता, मुळाशी फेसाची कड होती, आणि मी तो हातात घेतला तेव्हा तो गरम लागला. पाण्यानं गरम होतो तसा नाही. गालावरून उचलल्यासारखा.

एक किलोच्या वजनावर ओल्या अंगठ्याचा ठसा होता. डावा अंगठा असावा. मी माझा अंगठा त्याच्यावर ठेवून पाहिला नाही. मऊ कातड्यानं ते वजन पुसून टाकलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'कपाटात ओल.'

६

कार्डाच्या मागे पत्ता होता. एका बोळाच्या टोकाला, जिन्याखाली, ब्रशवाल्याचं दुकान. म्हातारा माणूस, पुढ्यात केसांच्या जुड्या, सुतळी, राळेचं भांडं. मी ब्रश त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं तो अंगठ्यानं दाबला, उलटा केला, स्वतःच्या ओठावरून फिरवला. त्याचा चेहरा उजळला.

"वा! महिन्याभरात एवढा मुरलेला मी पाहिला नाही. टोकं बघा कशी फुटलीत. हा ज्याचा आहे, त्याची दाढी देखणी होत असणार."

"माझा आहे."

त्यानं माझ्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. "नाही हो. हा डावऱ्या माणसाचा."

"माझ्या बायकोनं घेतलाय तो. तुमच्याकडूनच. निळी बांगडी घालते, डाव्या भुवईवर तीळ आहे."

"त्या बाई? आठवतात की. इतक्या हसत होत्या दोघं!"

"दोघं?"

"साहेब बरोबर होते ना. मी गाल बघितल्याशिवाय ब्रश देत नाही. चार ब्रश त्यांच्या गालावर फिरवले, बाईंनी उलट्या हातानं पाहिलं आणि हा निवडला." मग तो जरा पुढे वाकला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागला. "तोंडावळा तोच आहे. तुम्ही त्यांचे थोरले भाऊ का?"

ब्रश घेतल्याची तारीख कार्डाच्या मागे होती; त्या दिवशी मी कुठे होतो ते रोजनिशीत आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एका गोदामात, सतरा तराजू. सतराही बरोबर निघाले होते.

"हे सगळं पुसता येतं का?" मी विचारलं. "ब्रश जे शिकलाय ते?"

"उकळत्या पाण्यात बुडवा. मग कुणाचाच राहणार नाही." त्यानं ब्रश कागदात गुंडाळून मला दिला, दोन्ही हातांनी. "पण असं करू नका. एखाद्याला इतकं छान लागू पडतं, तेव्हा बघणाऱ्यानं डोळे भरून बघावं आणि गप्प बसावं."

७

मी तिथून घरी गेलो. साडेअकरा वाजले होते. ब्रश माझ्या पिशवीत होता, कागदात. हे मी जिना चढताना दोनदा चाचपून पाहिलं, म्हणून ठामपणे लिहितो.

किल्लीनं दार उघडलं. आत कुणी बोलत होतं.

मोरीचं दार चार बोटं उघडं होतं. आतून आवाज येत होता, वाडग्यात ब्रश फिरतो तो. ओला, गोल, सावकाश. मी आयुष्यात हजारो वेळा केलेला आवाज. मी घाईत करतो, हा घाईत नव्हता. मग बायकोचा आवाज.

"हलू नको ना. अरे, थांब ना डावऱ्या."

मनात एक गोष्ट स्पष्ट होती: तिनं हे नाव दुसऱ्याला दिलं. माझी चीजवस्तू उचलून द्यावी तसं. मी ते टाकून दिलं होतं हे खरं, पण टाकलेली वस्तूसुद्धा आपलीच असते. मी पिशवी छातीशी धरली. ती खालून ओली झाली होती. पाणी कोमट होतं आणि माझ्या शर्टातून आत उतरत होतं.

मी फटीला डोळा लावला. आरशाची एक पट्टी दिसली. तीत फेसानं भरलेला एक जबडा. डावा हात, ब्रश धरलेला. शर्टाचं बटण माझ्यासारखंच, वरून दुसरं, तुटलेलं. मग बायकोचा हात वर आला, निळी बांगडी मनगटावरून खाली घसरली, आणि तिनं बोटांची मागची बाजू त्या गालावर, जिथं फेस उतरला होता तिथं, टेकवली.

"पास," ती म्हणाली.

मी तो शब्द किती वर्षांनी ऐकत होतो! आणि तेवढ्यात आरशातला एक डोळा माझ्यावर आला. त्यात चोरी नव्हती, भीती होती. मला बघून कुणी इतकं घाबरेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. एक अनवाणी पाय पुढे आला आणि त्यानं दार हळूच लोटून बंद केलं.

मी जिन्यात जाऊन बसलो. किती वेळ, ते नोंदवलेलं नाही. परत गेलो तेव्हा बायको टॉवेल वाळत घालत होती, एकटीच. मोरी रिकामी, खिळा रिकामा, ब्रश माझ्या पिशवीत.

"आत कोण होतं?"

तिनं टॉवेलाची सुरकुती काढली. "तुम्ही आत्ता येताय," ती म्हणाली, जणू तेच उत्तर होतं.

८

काल सकाळी ती बहिणीकडे गेली. "जेवायच्या वेळेपर्यंत येते," म्हणाली. मी कार्यालयात जायला निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परतलो. मोठं पातेलं पाण्यानं भरून गॅसवर ठेवलं. ब्रश मोरीत, वाडग्यात ठेवला. पाणी उकळलं की आणायचं, ओतायचं, संपलं. मग तो कुणाचाच राहणार नव्हता.

पाण्याला वेळ लागत होता. मी आरशासमोर उभा होतो. तेरा दिवसांची दाढी, पांढरी, विस्कटलेली. म्हाताऱ्यानं थोरला भाऊ म्हटलं त्यात त्याची चूक नव्हती. ब्रश समोर होता, आणि तो इतका सुंदर मुरला होता. मी फक्त एकदा बघणार होतो, गालाला लावून. आपल्याला काय मिळालं नाही ते मोजल्याशिवाय राहवत नाही, तसं.

दाढी कात्रीनं कापून बारीक केली. ब्रश उजव्या हातात घेतला आणि वडीवर फिरवला. फेस होईना, केस अडून बसले, उलट्या अंगानं कुरवाळलेल्या मांजरासारखे. मग मी तो डाव्या हातात घेतला.

चव्वेचाळीस वर्षांनी तो हात कामाला लागला. वडीवर चार वेढे, गालावर तीन, आणि फेस असा वर आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टोकं कातडीवरून जात होती तेव्हा गाल आणि ब्रश यांच्यात काहीच उरत नव्हतं. रेझरही डाव्या हातानं धरला. मी घाई केली नाही. मला कशाचीच घाई नव्हती. स्वयंपाकघरात पाणी खदखदायला लागलेलं ऐकू येत होतं, ते येऊ दिलं.

बायको कधी आली ते कळलं नाही. आरशात तिचा खांदा दिसला. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

"अरे," ती म्हणाली. "आलास?"

बोललो असतो तर आवाज उजव्या हातासारखा निघाला असता, असं वाटलं. तिचा हात वर आला, बांगडी घसरली, आणि बोटांची मागची बाजू माझ्या गालावर टेकली. तेवढ्यासाठी मी काय काय दिलं असतं, ते या वहीत कधीच लिहिलेलं नाही.

"पास," ती म्हणाली. "हलू नको ना. ही बाजू राहिलीय."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज थांबलाय.

पाणी आटलं नव्हतं. एवढ्यात आटत नाही. गॅसचं बटण बंद झाल्याचा टक्क आवाज मी ऐकला होता, फक्त त्याचा अर्थ आत्ता लागला. बायको माझ्याजवळ होती. तिचा हात माझ्या गालावर होता.

मोरीचं दार चार बोटं उघडं होतं. आरशाच्या कडेला, त्या फटीत, एक पट्टी दिसत होती. तेरा दिवसांचा पांढरा गाल. एक डोळा. त्याखाली वाफ, आणि वाफेत पातेलं धरलेला एक हात, उजवा.

त्या डोळ्यात काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिथूनच आलो होतो.

मी अनवाणी पाय पुढे केला आणि दार हळूच लोटून बंद केलं.

बाहेर बराच वेळ काही झालं नाही. मग फरशीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, जड. बायको हसत होती, तिनं ऐकलं नाही. नंतर मी दार उघडलं तेव्हा उंबऱ्यापाशी पातेलं होतं, काठोकाठ भरलेलं, अजून कढत.

९

हे मी डाव्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षर लहान मुलासारखं आहे. आज मी कामावर गेलो नाही. रजा कळवावी म्हणून कार्यालयात फोन केला. भोंगा होता.

"दशांशसाहेब? बसलेत की काट्यासमोर. दाढी वाढवून बसलेत, कुणाशी बोलत नाहीत. आपण कोण बोलताय?"

मी फोन ठेवला. ती चहा घेऊन आली, दोन कप. माझ्याशेजारी बसली. किती वर्षांत अशी बसली नव्हती. "अरे, असा काय बघतोस?" म्हणाली आणि माझा डावा हात धरला. मी सुखी आहे. हे वाक्य मी दोनदा तपासून लिहितोय.

चहानंतर मी मोरीत गेलो. आज दाढी करायची होती, म्हणून ब्रश खिळ्यावरून काढला.

ओला होता. आज मी त्याला हात लावला नव्हता. मी तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. डावा भोवरा होता, ठळक. पण त्याच्या मध्यावर, अगदी आत, पाच-सहा केस दुसऱ्या बाजूला वळायला लागले होते. उजवीकडे.

बाहेर दाराची किल्ली फिरली. बायको उठल्याचा आवाज आला, पदर सावरत पुढे गेल्याचा. आणि मग तिचा आवाज, जरा दबलेला, जरा आदराचा, जसा ती माझ्याशी बोलताना आजवर काढत आली होती.

"अहो, आज लवकर?"

मी ब्रश मुठीत घट्ट धरून उभा राहिलो. मला 'अहो' कुणी म्हटलं नव्हतं.